देवमनची बिनतेलाची गाडी आणि शोरूमचा प्लान

किन्हीराजाच्या देवमन इंगळेनं उभी हयात स्टिअरिंगमागं काढली. आधी दुसऱ्याच्या जीपवर, मग स्वतःच्या जुन्या जीपवर, आणि पन्नाशी उलटल्यावर विजेवरच्या गाडीवर. गाडी नवी नवी घरी आली तेव्हा चौकातल्या मंडळींनी त्याला सुखानं चहा पिऊ दिला नाही. "काबे देवमन, फोनसारखी चार्जिंगले लावतं म्हंते, मंग मिस कॉल बी देते का थे?" देवमन नुसता हसायचा.

गावातले आजारी लोक दवाखान्यात नेण्याचं काम त्याच्याकडं आपसूक येत गेलं होतं. त्यात गोमतीबाई राठोड कायमच्या. जवळच्याच तांड्यावर राहत. दोन्ही किडन्या गेलेल्या, दर सोमवारी आणि गुरुवारी वाशीमला डायलिसिस. नवरा उदयसिंग सोबत असायचा. जीपच्या धुरानं गोमतीबाईंना परतताना हमखास उलटी व्हायची. ह्या गाडीत मात्र त्या डोळे मिटून पडून येत.

"हे गाडी आवाजच करत नाही, देवमनभाऊ," त्या म्हणायच्या. "आपुन जित्ते हाओ का नाही, चिमटा काढून पाहा लागते."

"मी काढतो ना चिमटा," उदयसिंग म्हणायचा.

"तुमी त लगन झाल्यापासून काढूनच राह्यले!"

देवमन आरशातून पाहायचा आणि गाडी आणखी हळू, खड्डे चुकवत न्यायचा. ही बाई आपल्या भरवशावर आहे, एवढं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

गाडी घेताना अकोल्याच्या शोरूमवाल्यांनी देखभालीचा प्लान त्याच्या गळ्यात मारला होता. ठरलेल्या वेळी गाडी न्यायची, ते तपासून देणार, वाटेत बंद पडली तर उचलून नेणार. त्याची मुदत संपत आली आणि फोन सुरू झाले. प्लान पुढं घ्या, बॅटरीचा मामला आहे, उद्या काही झालं तर आमच्यावर येऊ नका.

मुलगा धम्मपाल वीज कंपनीत लाइनमन. त्याचं म्हणणं साफ होतं. "बाबा, ह्याच्यात इंजिनचं तेल नाही, तेलाचा फिल्टर नाही, क्लच नाही. टायरमंधली हवा पाह्याची, वायपर बदलाचे. एवढ्यासाठी कायले पैसे देता? बॅटरीची वॉरंटी कंपनीची हाये, प्लानची नाही."

"अन् गेली बॅटरी त गोमती वहिनीले कोन नेईन? तू खांबावरून उतरून येशीन?"

देवमनलाही कळत होतं की मुलगा खोटं बोलत नाही. पण भीती हिशेबानं जात नसते. तो रोज उद्यावर ढकलत राहिला.

देवमनच्या घरची एक रीत होती. त्याच्या वडिलांच्या काळी गोठ्यातल्या बैलांनी पाणी प्यायल्याशिवाय घरात कुणी चहाला तोंड लावत नसे. जो आपल्यासाठी राबतो त्याची तहान आधी. बैल गेले, जीप आली, तिचा रेडिएटर गळका होता. मग देवमननंच बायकोला, बेबीताईला, झाकण उघडून पाणी कसं ओतायचं ते शिकवलं. सकाळी बेबीताई बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील म्हणायची, आणि मग तांब्या घेऊन अंगणात यायची. नवी गाडी आली तरी तिची रीत मोडली नाही. बॉनेटखाली तसलंच एक पांढरं भांडं होतं, त्यावर रेघ होती. रेघेखाली उतरलं दिसलं की ती बोअरचं पाणी गाळून ओतायची. देवमन पायऱ्यांवर बसून ते पाहायचा. त्याला बरंच वाटायचं.

एका सोमवारी वाशीमला जाताना, मालेगावच्या अलीकडं, गाडीनं समोरच्या पडद्यावर लाल खूण दाखवली आणि चाल सोडली. बैलगाडीच्या वेगानं ती कडेला आली आणि थांबली ती थांबलीच. देवमननं बंद करून चालू केली, पुन्हा केली. लाल खूण हलेना. मागं गोमतीबाईंनी डोळे उघडले.

"आलं का वाशीम?"

"नाही वहिनी. जराक थांबा."

त्यानं रस्त्यावर आडवं होऊन एक जीप थांबवली, मागच्या बाकावरच्या दोन पोरांना हात जोडून उठवलं आणि गोमतीबाईंना बसवलं. उदयसिंगही चढला. जीप निघाली तेव्हा त्यानं मागं वळून देवमनकडं पाहिलं, तेवढंच.

प्लानच्या मदतीचा ट्रक आला आणि गाडी पाठीवर घेऊन अकोल्याला गेला. त्या घडीला देवमनला वाटलं, बरं झालं, मुदत अजून संपली नव्हती.

गुरुवारी गाडी नव्हती. देवमन स्वतः गोमतीबाईंसोबत एसटीनं गेला. जाताना जागा मिळाली. येताना बसमध्ये शिरायलाही धड जागा नव्हती, आणि कुणी उठेपर्यंत डायलिसिस करून निघालेली बाई दांडीला धरून उभी राहिली. देवमननं आपला खांदा पुढं केला. तिनं त्यावर कपाळ टेकलं. पुढच्या खेपेला गोमतीबाई म्हणाल्या, "राहू द्या, आज नाही येत मी." उदयसिंगनं कसंबसं समजावून नेलं.

अकोल्याहून बोलावणं आलं. शोरूमच्या काउंटरमागच्या साहेबानं एका बाटलीत गढूळ पाणी दाखवलं.

"ह्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला वेगळं कूलंट असतं. ह्यात कुणी साधं पाणी टाकलंय. आत क्षार साचले, पंप गेला. बॅटरी वाचली, नशीब समजा."

"मंग हे प्लानमंधी बसते ना?"

"नाही बसत. ही बाहेरून केलेली छेडछाड झाली."

देवमन बाटलीकडं पाहत राहिला. "साहेब, तुमी दरखेपी गाडी तपासली. तवा नाही दिसलं?"

"लेव्हल फुल होती. फुल असल्यावर कोण उघडून पाहतं? खाली पाइपाच्या जोडाला बारीक गळती आहे, आज उघडल्यावर दिसली. गळालेलं कुणीतरी भरत गेलं, म्हणून ती लपली."

देवमनच्या मनात लखकन उजेड पडला, आणि तो उजेड त्याला सोसवेना. भांडं भरलेलं होतं कारण बेबी भरत होती. ती भरत होती कारण त्यानं शिकवलं होतं. आणि शोरूमच्या माणसांनी भरलेली रेघ पाहून सही केली होती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

साहेब आवाज उतरवून म्हणाला, "एक करता येईल. एखाद्या बाहेरच्या गॅरेजवाल्यानं टाकलं, तुम्हाला माहीतच नव्हतं, असं लिहून द्या. मी वर विचारतो. नाव काय त्याचं?"

मालेगावातल्या दोन-तीन गॅरेजवाल्यांचे चेहरे देवमनच्या डोळ्यांपुढून गेले. गोमतीबाईही आल्या, दांडीला धरून उभ्या. लिहून दिलं तर गाडी लवकर सुटली असती.

"कोनी नाही साहेब. आमच्या घरीच टाकलं. मीनंच शिकवलं."

साहेबानं बाटली बाजूला ठेवली. मग प्लानचा विषय निघालाच. देवमननं एवढंच विचारलं, "प्लान नाही घेतला त बॅटरीची वॉरंटी जाते का? सीधं सांगा." साहेब इकडंतिकडं बोलला, शेवटी आतून मोठे साहेब आले आणि म्हणाले, नाही जात. ठरल्या वेळी तपासणी करायची, तिचे पैसे त्या वेळी भरायचे, आणि आत कुणी हात घालायचा नाही.

"मंग प्लान नोको. वाटेतून उचलून न्याची सोय तेवढी द्या, थे कामी आली. अन् तपासाले आणीन तवा मी जवळ उभा राहीन. झाकण उघडून मले दाखवाचं."

प्लानला जे पैसे गेले असते ते पंपाला गेले, वरून थोडे घालावे लागले. गाडी घेऊन तो घरी आला तेव्हा बेबीताई दारातच होती.

"काय झालतं हो?"

खोटं सांगणं सोपं होतं. त्यानं तिला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.

"तुमी त रोज पाहात होते ना मले," ती शेवटी म्हणाली.

"पाहात होतो."

रात्री जेवताना तिनं त्याच्या ताटात भाकर वाढली आणि स्वतःच्या ताटात अर्धीच घेतली. त्यानं आपल्यातली अर्धी मोडून तिच्याकडं सरकवली.

गुरुवारी तो तांड्यावर गेला. गोमतीबाई आधीपेक्षा बारीक दिसत होत्या, पाय मात्र सुजलेले. उदयसिंगनं त्यांना धरून बसवलं. दार लागलं तरी देवमननं गाडी हलवली नाही, कारण त्या आरशातून त्याच्याकडंच पाहत होत्या.

"देवमनभाऊ, आता त नाही ना बंद पडनार हे?"

नाही म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"मशीन हाये वहिनी, नाही कसं म्हनू? पन पडलीच त ह्या वख्ती मी जीपमंधी तुमच्यासंग येईन. गाडी राहीन तिथंच पडून."

गोमतीबाईंनी मान हलवली, डोकं मागं टेकलं आणि डोळे मिटले.