भुसा भरलेलं रेडकू

नात परीक्षेसाठी मोठ्यानं पाठ करत होती: मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन. ऐकता ऐकता माझं लक्ष उडालं आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. त्या करपट वासानं मला थेट ठाणाकुशनूरच्या आमच्या गोठ्यात नेऊन उभं केलं.

तेव्हा मी सातवीत होते. आमच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं. ते समोर नसलं की म्हैस पान्हा सोडेना, म्हणून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्याचं कातडं काढवून, वाळवून त्यात भुसा भरून घेतला होता. धारेच्या वेळी ते म्हशीपुढं ठेवायचं. त्याला मिठाचा आणि उन्हाचा वास यायचा.

त्या संध्याकाळी आई धार काढत होती आणि मी तिला नवा धडा ऐकवत होते. "पिलाला अंगावर पाजतात ते सस्तन. म्हैस सस्तन, माणूसबी सस्तन."

म्हैस ते भुशाचं पिलू चाटत होती.

"आई, हिला कळत कामून न्हाई गं? त्यात जीव न्हाई की."

"तिला कळायलंय," आई म्हणाली. "दूध कुठं ऐकतंय?"

ती उठली तेव्हा तिची चोळी पुढून भिजलेली दिसली. आमचं तान्हं बाळ जाऊन पंधरवडाही झाला नव्हता.

म्हशीपुढं निदान भुसा भरून काहीतरी ठेवलं होतं. आईपुढं मी उभी होते, हातात पुस्तक घेऊन.