पंचनाम्यातला डिंक

मी लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तीही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. पंचनाम्यांखेरीज आजवर काही लिहिलेलं नाही. पण एका बिअर शॉपीच्या शटरवरचा फाटका कागद अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा मी महागाव तालुक्यात हवालदार होतो. मतदानाआधी दारूविक्री बंद, म्हणून दुकानांना सील लावत फिरत होतो. तांड्यावरच्या एकाने फाट्यावर लहानशी बिअर शॉपी टाकली होती. मागच्या खोलीत बिऱ्हाड. आमची डिंकाची बाटली वाळून गेली होती. त्याच्याच बायकोकडून मी कणकेची खळ शिजवून घेतली, शटरच्या खालच्या कुलपावर कागद चिकटवला आणि पंचनाम्यात सवयीने लिहिलं, 'डिंकाने चिकटविले.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. "फाट्यावरच्या शॉपीचं सील तुटलं. माल विकून राह्यला तो." नाव न सांगताच फोन ठेवला. जाऊन पाहतो तर कागदाचा एक कोपरा तेवढा उरलेला. कुलूप शाबूत, आतल्या पेट्या जशाच्या तशा. तरी त्याला ठाण्यात आणून बाकावर बसवलं.

"सील कोणं तोडलं?"

"मले मालूम नाही, साहेब."

शेजारचा शिपाई म्हणाला, "मंग कागद काय पायी पायी पुसदले गेला?"

सगळे हसले. तो हसला नाही. "दोन दिवस बंद ठेव म्हणलं, ठेवलं. दुकान उघडलंच नाही, तरी चोर मीच काय?"

मी गुन्हा नोंदवला. त्याचा परवाना निलंबित झाला.

महिनाभराने ढाणकीच्या बाजारात एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून भिंतीवरचं प्रचाराचं पोस्टर खाताना दिसली. तिची म्हातारी मालकीण कान ओढत ओरडत होती, "सोड ना व भवाने! कणकेची खळ असली का कागद ठेवतच नाही हे."

मी जागेवरच थांबलो. त्या शॉपीभोवती दिवसभर तांड्यावरच्या शेळ्या फिरत. मी रोज पाहत होतो.

ठाणेदार साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता बकरीचा जबाब घेता का?" मीही हसलो. खळ म्हणायची तर पंचनामा खोटा ठरणार, आणि त्यावर सही माझी. निवृत्ती जवळ आली होती. मी गप्प बसलो.

दारूविक्रीच्या वेळा आणि बंदीचे दिवस असावेत की नसावेत, हे सांगण्याइतका मी शिकलेलो नाही. पण त्या नियमाखाली ज्याचं लहानसं दुकान बंद होतं, त्याचं सगळं आमच्या हातच्या कागदावर असतं. तो कागद तरी खरा असायला हवा होता.

खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. साक्षीत मी खळीचं सांगितलं, शेळीचंही. "हे तेव्हाच का नाही सांगितलं?" सरकारी वकिलाने विचारलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. "साहेब, आमच्या वकिलाचा निरोप आला, सुटले ते. परवानाबी परत भेटते म्हणे."

"मग दुकान कधी उघडता?"

"गाळा तर कवाच सोडला, साहेब. हे ऊसतोडीले गेलेत, तिकडं फोन लागत नाही. त्यायले अजून सांगाचंच आहे."