पुढच्या बाईचे पैसे

धम्मशीला सिस्टर भांडत नाहीत, याचा मला फार राग येतो. धामणगाव बढे इथून त्यांची बदली अमडापूरच्या उपकेंद्रात झाली, तेव्हा घरमालक शेषरावांकडून खोलीचं वीस हजार डिपॉझिट हातात घेऊनच निघायला हवं होतं. शेषराव म्हणाले, "पुढच्या रविवारी या, सिस्टर." बाईंनी किल्ली देऊन टाकली. शिवाय खोलीही धुऊनपुसून दिली.

तो पुढचा रविवार पाच महिने लांबला. अमडापुरात डिपॉझिटशिवाय कुणी खोली देईना, म्हणून सिस्टर उपकेंद्रातल्या रिकाम्या खाटेवर झोपायच्या. त्यांची आई जनकाबाई मोताळ्याला, धाकट्या लेकीच्या सासरी. म्हातारीला तिथला घास गिळवत नव्हता. "मले केव्हा नेशीन वं?" एवढंच ती फोनवर विचारायची.

रविवारी चिखली, बुलढाणा अशा एसट्या बदलत सिस्टर धामणगावला पोचल्या की शेषरावांच्या बायको कोकिळाबाई चहा ठेवायच्या. चहा चांगला असायचा, हे सिस्टरच सांगतात. मला तर त्या चहाचीही चीड येते.

"तुमचे पैसे म्या खाल्ले नाई, सिस्टर," शेषराव म्हणायचे. "ते तुमच्या आधीच्या मास्तरले देल्ले. मास्तरचे बोअरमधी गेले, अन् बोअर निघाला कोरडा. आता नवा किरायदार आला का त्याचे तुमाले." पाण्याची पाळी सांगावी तितक्या सरळपणे ते हे सांगायचे. लाज नाही, लबाडीही नाही. एका रविवारी वर म्हणाले, "तुमीच आना ना एखादी बाई."

आणली. सिस्टरच्या जागेवर समता नावाची नवी नर्स रुजू झाली होती. खोली दाखवायलाही सिस्टरच गेल्या. नळ कुठला गळतो, खिडकी कशी लावायची, सगळं दाखवून झालं. मग समतानं हळूच विचारलं, "ताई, डिपॉझिट वापस भेटते ना?"

सिस्टर म्हणतात, त्या क्षणी त्यांना आई दिसली. 'भेटते' एवढं एकच बोलायचं होतं, आणि त्या इतक्या दमल्या होत्या की ते जवळजवळ तोंडातून निसटलंच होतं.

"नाई भेटत," त्या म्हणाल्या. "पुढची बाई आनशीन तेव्हाच भेटते. मी तुले आनलं तसं."

समतानं मोरीपलीकडच्या संडासाचं दार उघडून पाहिलं. "गावात संडासवाली दुसरी खोली आहे का, ताई?"

"नाई. म्हनून तर मीबी हीच घेतली होती."

ओसरीवर समतानं डिपॉझिटचं पाकीट शेषरावांच्या हातात दिलं. त्यांनी ते न उघडताच सिस्टरपुढे केलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. कोकिळाबाईंनी आज तीन कप आणले. समतानं कप हातात घेतला, पण प्यायली नाही. निघताना सिस्टरनी तिच्या मोबाइलात आपला नंबर घालून दिला. "बदलीचं कानावर आलं का लगेच फोन कर. पुढची बाई आपन दोघी शोधू."

स्टँडवरून त्यांनी मोताळ्याला फोन लावला.

"आई, पिशवी भर. येऊन राह्यली मी."

"देल्ले का वं त्यानं पैसे?"

"त्यानं नाई," सिस्टर म्हणाल्या. "एका पोरीनं देल्ले."