भरिताचा वास

एरंडोलला अंगणात बायकोनं कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घेतली, की मी ईशान्येच्या डोंगरातल्या त्या झोपडीपुढे उभा असतो. आत अतिरेकी लपल्याची खबर होती. जागरणानं डोळे चुरचुरत होते, बोट रायफलच्या चापावर होतं, आणि आत कुणीतरी हललं.

शेजारी पिंपळनेरचा माझा जोडीदार पुटपुटला, "थांब भाऊ. भरीतना वास शे. घरमा कोन्ही माय शे."

दार करकरलं. एक म्हातारी बाहेर आली. हातात वाफाळतं वांगं, सालं काढून काळी झालेली बोटं.

छावणीत आम्ही सगळे त्याच्या खादाड नाकाला किती हसलो! आता तो वास आला, की भूक नंतर लागते. आधी उजव्या हाताचं बोट सैल पडतं.