वाफ न दिलेली ओढणी

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना तर नाहीच. उलट साऱ्या खालापुरात मी वेगळंच सांगत फिरले — की धाकट्या जावेला मी धंद्यात उभं केलं आणि ती मला ऐन सिझनला सोडून गेली. हा राग मी जपला. तूप घालून जपला म्हणा ना.

सुलभा माझी धाकटी जाऊ. तिचा हात कसा, काय सांगू? खाटेच्या रिकाम्या चौकटीवर रेशमी ओढणी ताणायची, पाण्यात विरघळणाऱ्या खडूंनी कोरडीच फुलं काढायची — आणि मग ओला ब्रश हलकेच फिरवायचा. बारीक रेघ पसरत पसरत पाकळी व्हायची. मी चहा घेऊन नुसती बघत बसायचे, चहा निवायचा. विकणं मात्र माझ्याकडे. लहानपणी चौक गावच्या रस्त्यावर गाड्या थांबवून करवंदं विकलीत मी. भावात मला कोण हरवणार?

हा रंग पक्का करायला वाफ लागते. ती आम्ही घरच्या मोदकपात्रात द्यायचो. ओढणी कागदात गुंडाळायची, झाकणाचं पाणी टपकू नये म्हणून वर पंचा बांधायचा. "ताई, आज रेशमाचे मोदक हायत," सुलभा म्हणायची.

गिऱ्हाईक कटकट करू लागलं की मी ओढणीचं टोक सरळ पाण्याच्या पेल्यात बुडवायचे. रंग हलायचा नाही. तोंडं बंद.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर कर्जतच्या एका फार्महाउसवर मुंबईच्या बायका जमल्या होत्या. आम्ही दोघी माल घेऊन गेलो. एक बाई भाव पाडता पाडता म्हणाली, रंग जाणारा माल दिसतोय. माझं डोकं फिरलं. सुलभा पुढे झाली, पण तोवर मी टोक पेल्यात घातलं होतं — हाताला सवयच ती. ओढणीवरचं काटेसावरीचं फूल पाण्यात उतरलं. पेला लाल. कुणीतरी हसलं.

आणि मी काय केलं? सुलभाकडे वळले.

"वाफ दिली नाय गं तू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं — की मलाच तसं वाटतं? मग हळू म्हणाली, "इसरले, ताई."

तरी मी थांबले नाही. सगळ्यांसमोर तिला बेफिकीर म्हटलं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारी म्हटलं. हे तिला — जिच्या रेघांवर माझं घर चालत होतं.

आता खरं सांगते. आदल्या दिवशी ती मोदकपात्र मागायला आली होती. गणपती येणार, नैवेद्याच्या भांड्यात रंग नको, म्हणून मी ते चिंचेने घासून माळ्यावर ठेवलं होतं. दिलं नाही. दुसरं भांडं घेऊ, म्हणाली. मी म्हटलं, सणानंतर बघू. मग या ओढण्या तरी नको नेऊया, म्हणाली. मी म्हटलं, तिथं कोण धुऊन बघतंय? पिशवीत मीच भरल्या.

सुलभा आता साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. खडूंचा डबा तिने मला आणून दिला — पुसून, झिजलेल्या लाल खडूला नवा कागद गुंडाळून. पुन्हा एकही फूल काढलं नाही. सणाला येते, माझ्या मुलीची वेणी घालते, मी भडकले की हसते. मला ती फार आवडते. हे तरी मी तिला कधी सांगितलं?

परवा जेवताना सासूबाई तिला म्हणाल्या, "तवा तू इसरली नसतीस, तर आज तुमचं दुकान असतं गं."

"हो ना, आई. माझंच चुकलं," सुलभा म्हणाली, आणि माझ्या पानात भात वाढला.

मी जेवले. वर ताकही मागितलं.