आन्झाईंची माती

आन्झाईसान माझ्या शेजारी राहायला आले तेव्हा सामान असं काही नव्हतंच. मदत म्हणून मिळालेली अंथरुणं, भाताचं एक भांडं आणि बायको, कियो. समुद्राकाठची अणुभट्टी फुटली आणि त्यांचं गाव रिकामं केलं गेलं. तिथल्या काहींना तोक्योच्या कडेला आमच्या सरकारी इमारतीत खोल्या मिळाल्या. त्यांच्या आणि माझ्या बाल्कनीच्या मध्ये फक्त एक पातळ पत्रा होता, त्यामुळे न विचारताच सगळं कानावर यायचं.

कियोसानचं आधी बोलणं कमी झालं, मग खाणं. दुकानातली कांद्याची पात घालून मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, सार केलं की वास घ्यायची आणि वाटी सरकवायची. म्हणायची, "ही आपली न्हाई."

"अगं, पातीला काय आपलं-परकं?" आन्झाईसान चिडायचे. पण बाईचे हात वाळून काटक्या झाले होते. त्यांचा जीव तुटायचा, मला ऐकू यायचा.

मग ते बाजारातून थर्माकोलची मासळीची खोकी घेऊन आले. बुडाला जेवणाच्या काडीने भोकं पाडली, कठड्यालगत ओळीने मांडली. पिशवीतली विकत माती घातली, पात लावली. उगवली छान. कियोसानने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

त्या वसंतात गावात जायची परवानगी निघाली. पांढरा पोशाख घालून, घर बघून, लगेच परत. लोक देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्या आणतात, फोटो आणतात. हा माणूस गोठ्यातली जमीन उकरून बसला! भट्टीतलं जे विष वरून पडलं ते छपरावर पडलं, आतल्या जमिनीवर नाही, हा त्यांचा हिशेब. परत निघताना फाटकावर पिशव्यांना किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र लावलं, काही निघालं नाही, सोडलं. दोन्ही हातांत ओझं घेऊन जिना चढले तेव्हा म्हातारा हसत होता.

त्या मातीत पात लावली, दांडा पांढरा व्हावा म्हणून वरचेवर भर घातली. आणि काय सांगू, कियोसानने सार प्यायलं! वाटी पुसून प्यायलं. पत्र्यापलीकडून आन्झाईसान ओरडले, "कावानोसान, जेवली हो!" मी हातातलं धुणं टाकून रडले.

पण अशी बातमी झाकून राहते थोडीच? त्यांनीच आनंदाने जिन्यात सांगितली, गावच्या मातीसकट. बायकांनी बाल्कनीत कपडे वाळत घालणं बंद केलं. त्या वर्षी आमच्या जिन्यावरच्या घरांची प्रमुख होती नागुमो, अतिशय गोड बोलणारी बाई. तिने बैठक बोलावली.

"आन्झाईसान, तुमचं दुःख आम्हाला कळतं हो," ती म्हणाली. "पण इमारतीत लहान मुलं आहेत. बाल्कनीतून तेवढी माती काढाल का?"

"यंत्र लावलंय तिला," आन्झाईसान म्हणाले.

"हो, हो, आमचा विश्वास आहेच. पण लोकांना काळजी वाटते ना."

माझं डोकं फिरलं. "मुलं काय त्यांच्या खोक्यांत लोळणार आहेत? एवढी भीती असेल तर यंत्र आणा, मोजा!"

कुणी मोजायला तयार होईना. शेवटी आन्झाईसानच उठले, कमरेत वाकून सगळ्यांची माफी मागितली. कसली माफी? मला विचाराल तर त्यांनी एकेकाला चांगलं झापायला हवं होतं. पण आश्रयाला आलेला माणूस झापणार कसा?

दुसऱ्या दिवशी बाल्कनी रिकामी. नागुमो फळांची टोपली देऊन गेली. त्यानंतर आन्झाईसान पत्र्यापाशी आलेच नाहीत. दार वाजवलं तर फटीतून "बरं चाललंय" म्हणायचे आणि लावून घ्यायचे.

हिवाळ्यात कियोसान गेली. मी आणि नागुमो उदबत्ती घेऊन गेलो, तेव्हा पहिल्यांदा आत पाय ठेवला. पडदे ओढलेले, खोलीभर ओल्या मातीचा वास. कियोसानच्या अंथरुणाभोवती भिंतीला लावून ती सगळी खोकी. नागुमोने रुमाल नाकाला लावला आणि उंबऱ्यातच थांबली.

"कचऱ्याची गाडी माती घेत न्हाई," आन्झाईसान म्हणाले. "पालिकेत गेलो, गावच्या हापिसात फोन केला. कुणालाच नको. मग आत आणली. तुम्ही बाल्कनीतून काढा म्हणाला होता ना? काढली."

"पण इथे, अंधारात..." मी म्हणाले.

"दिव्याखाली पात उगवायची थोडी थोडी. पिवळी, बारीक. पण खायची ती. पुन्हा लावली ती मात्र कुजली. शेवटची काडी सोमवारी सारात घातली. मंगळवारपास्नं तिनं तोंडच उघडलं न्हाई."

मी उदबत्ती पुढे केली. आन्झाईसाननी ती माझ्या हातातून घेतली, पेटवली, तिच्या उशाशी लावली. मग ते नागुमोकडे वळले, कमरेत वाकले.

"आता माती न्यायला सांगा कुणालाबी," ते म्हणाले. "माझं काम झालं."