बॅग आधी इस्माईलभाईंच्या टेबलावर

खर्रर्र.

मस्कतच्या जुन्या विमानतळावर कस्टमवाल्याने माझ्या खोक्याची टेप ब्लेडने फाडली, त्याचा हा आवाज. तीसेक वर्षं झाली असतील. आत सुके बोंबील, पापड आणि बायकोने दिलेली सर्दीच्या गोळ्यांची पट्टी. पट्टी त्याने उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. तेवढ्यात माझा शर्ट भिजला. पुढे सहमला, ओमानच्याच किनाऱ्यावरच्या गावात, आमच्या वर्कशॉपमध्ये मी हे सांगितलं आणि तिथून अशा गोष्टी जमत गेल्या. करवतीखाली भुसा जमतो तशा. कुणी मुद्दाम जमवत नाही.

आम्ही तिघं. मी पेद्रू, वसईचा सुतार. बस्त्याव माझ्याच गावचा, पॉलिशवाला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि वीसपट बोलणारा. आणि रत्नागिरीकडचे इस्माईलभाई, सोफ्याची कव्हरं शिवणारे, सगळ्यात वडीलधारे.

इथे नशेच्या बाबतीत कायदा फार कडक. गावच्या मेडिकलमध्ये सहज मिळणारी गोळीसुद्धा इथे चिठ्ठीशिवाय अडचणीत आणू शकते. आणि आमची रीत अशी, की गावाहून कुणी निघाला की दहा घरांच्या पुड्या त्याच्या बॅगेत जायच्या. पुडी उघडून बघायची नाही, देणाऱ्याचा अपमान होतो.

इस्माईलभाईंनी ही रीत मोडली. "अपमान परवडतो," म्हणाले. पुडी देणाऱ्यासमोरच उघडायची. आणि सहमला पोचल्यावर बॅग आधी त्यांच्या शिलाईच्या टेबलावर.

बस्त्याव म्हणायचा, "भाई, आता काय तपासता? कस्टममधून सुटलो ना मी?"

"यावेळी सुटलास. पुढच्या वेळी काय आणायचं नाही, ते कळतं."

*

बस्त्याव एकदा दिवाळीनंतर येत होता. शेजारच्या काकूंनी आमच्यासाठी डबाभर अनारसे दिले. विमानात बाजूच्या माणसाने डबा बघितला आणि हळूच सांगितलं, "खसखस अफूच्या झाडाची. आखातात बंदी आहे."

बस्त्याव डबा घेऊन विमानाच्या बाथरूममध्ये गेला. अर्धा तास बाहेर आला नाही. एअर होस्टेसने दोनदा दार वाजवलं. लायसन्सच्या कडेने त्याने एकेक अनारसा खरवडला आणि खसखस पाण्यात सोडली.

आमच्यासमोर डबा उघडला तेव्हा सगळे अनारसे टकले. इस्माईलभाईंनी एक उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "बस्त्याव, याची हजामत तुझ्या पॉलिशपेक्षा सफाईने झालीय."

*

हाच बस्त्याव दुसऱ्या खेपेला खोकत निघाला. आईने खोकल्याच्या औषधाची बाटली दिलेली. मुंबईच्या विमानतळावर त्याला इस्माईलभाई आठवले, खोकल्याच्या औषधातही नशा असते म्हणणारे. बाटली फेकायची तर आईच्या पैशाची. म्हणून उभ्या उभ्या सगळी पिऊन टाकली.

मस्कतला विमान रिकामं झालं, झाडूवाले आत आले, तरी हा झोपलेला. त्याला हलवून उठवलं तर म्हणाला, "आई, अजून पाचच मिनिटं."

बाहेर त्याची वाट बघत इस्माईलभाई तीन तास उभे होते. रागावले नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "खोकला गेला?"

*

गेल्या वर्षी इस्माईलभाईंच्या मणक्यात गाठ निघाली. दवाखाना चांगला, डॉक्टर चांगले, गोळ्याही देतात. पण सहा तासांची गोळी त्यांना तीन तास पुरते. मग शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ते ओठ आवळून धरतात. रूमवर एकटं पडून राहण्यापेक्षा इथे बरं, म्हणून रोज येतात. आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो. बस्त्याव तेव्हा जास्तच बडबडतो.

*

त्यातच माझ्या मुलाने, रुबेनने, मला दोन महिने कॅनडाला नेलं. त्याच्या घराजवळ बेकरी आणि न्हाव्याच्या मध्ये एक दुकान होतं. काचा, दिवे, मला वाटलं सोनाराचं असेल. रुबेन म्हणाला, "पप्पा, ते गांजाचं दुकान आहे."

मी तिथेच थांबलो. आत म्हातारी माणसं रेशनच्या रांगेसारखी शांत उभी. बाहेर पोलीस कॉफी पितोय. बघायला आत जावं म्हटलं, तर दारातल्या पोराने माझ्याकडे वयाचा पुरावा मागितला. सदुसष्ट वर्षांच्या माणसाकडे! मी खिशातून ओमानचं कार्ड काढलं, आणि माझा नंबर कुठे लिहून घेतला तर, या भीतीने ते खिशात घालून चालू पडलो.

"पप्पा, इथे कुणी पकडत नाही," रुबेन मागून धावत आला.

"इथे नाही रे. मला परत जायचंय."

बागेत तो वास आला की मी घरी येऊन कपडे धुवायचो. सून शेवटी म्हणाली, "पप्पा, शर्टाचा रंग गेला, आता वास कशाला चिकटणार?"

परत आल्यावर अर्बाबला, म्हणजे आमच्या ओमानी मालकाला, हे सांगितलं. त्याने डोळे मोठे केले. "दुकानात? बिल देऊन?" मग जरा विचार करून म्हणाला, "म्हणजे टॅक्सही घेत असतील."

*

तिकडे कॅनडात रुबेनच्या शेजारी मार्था नावाच्या आजी राहायच्या. त्यांनाही हाडांचं दुखणं. त्याच दुकानातल्या तेलाचे दोन थेंब जिभेखाली घ्यायच्या. मला वाटलं, बाई झिंगलेली असेल. मी गेलो तेव्हा त्या घेवड्याच्या वेलाला काठी बांधत होत्या. एकटीने, वाकून.

तिथूनच मी इस्माईलभाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वाकते ती?"

"हो भाई. वाकते."

मग म्हणाले, "आणू नकोस. तुला माझ्या आईची शपथ आहे, पेद्रू."

निघायच्या दिवशी मार्था आजींनी अंगठ्याएवढी बाटली माझ्या हातात ठेवली, मित्रासाठी. मी ती मोज्यात घातली. काढली. परत घातली. शेवटी त्यांच्या दारात जाऊन परत दिली. मला इंग्रजी येत नाही. "मस्कत, जेल," एवढंच म्हणालो. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

*

सहमला पोचलो. रीतीप्रमाणे बॅग टेबलावर गेली. बस्त्यावने करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, आणून ठेवला.

इस्माईलभाई त्या दिवशी उभेच राहिले, त्यांना बसवत नव्हतं. त्यांनी चॉकलेटं बाहेर काढली, बामच्या डब्या काढल्या. शर्टाचे खिसे चाचपले. मोजे एकेक करून उलटे केले, त्यांत हात घातला.

"भाई, कस्टमवाल्यानेसुद्धा एवढं बघितलं नसेल," बस्त्याव हसला.

ते हसले नाहीत. बॅग रिकामी झाली तेव्हा त्यांनी अस्तरावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. चाळीस वर्षं शिवण ओळखणारा अंगठा. एक कड, दुसरी कड, कोपरा. अस्तरापर्यंत ते आजवर कधी गेले नव्हते. बस्त्यावचं हसणं थांबलं.

"भाई," मी म्हणालो, "काही नाही त्यात. आजीने बाटली दिली होती, मी परत दिली."

त्यांनी मान हलवली. कोपऱ्यातली शिवण अंगठ्याने पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग एकेक मोजा सरळ केला, जोड्या लावल्या, सगळं जसं होतं तसं आत ठेवलं आणि चेन लावली. चहा तसाच होता. त्यांनी काठी घेतली आणि रूमच्या दिशेने चालू लागले.